घरची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात मी पापड लाटते, हळदीकुंकवाला वाण वाटते, सतरंज्या घालते आणि काढते. उभे राहून बोलण्याचे काम आजवर कधी केले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी घरी बसून दहावी झाली. ते कसे जमवले एवढेच सांगा. विचारणाऱ्या पुष्कळ आहेत." विचारणाऱ्या आहेत हे खरे. बाजारात, एसटीच्या स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर मला बायका विचारतात. प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळ्यांना नीट सांगावे, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. मी शाळेच्या विरुद्ध नाही. ज्या मुलाला शाळेत जाता येते, त्याने शाळेतच जावे. शाळेत गुरुजी असतात, मैदान असते, बरोबरीची पोरे असतात. घरात हे सारे आणायचे म्हणजे आईचा दम निघतो. माझे आजचे बोलणे ज्यांच्या मुलांना काही कारणाने शाळेत जाता येत नाही, आणि ज्या बायांना घरही चालवायचे आहे आणि पोटही भरायचे आहे, त्यांच्यासाठी आहे.

माझे माहेर रोहा आणि सासर पेण. मालक २०१४ साली गेले. तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. सासूबाई आधीच गेलेल्या, सासरे अंथरुणाला खिळलेले. मी गणपतीच्या कारखान्यात कामाला जाऊ लागले. मूर्ती पॉलिश पेपरने घासायची, रंगाचा पहिला हात द्यायचा, दागिन्यांवर सोनेरी रंग भरायचा, असे ते काम. आपल्या पेणला हे काम दिवाळीपासून सुरू होते आणि गणपती घरोघर जाईपर्यंत चालते. मधल्या दिवसांत आणि रात्री पोह्याचे पापड.

२०१६ साली मुलगी पाचवीत असताना तिचा घसा धरला, ताप आला. चार दिवसांनी उतरला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप, आणि गुडघे, घोटे सुजून लाल. आज एक सांधा तर उद्या दुसरा. डॉक्टरांनी सांगितले, हा सांधेवाताचा ताप आहे आणि त्याने हृदयाच्या झडपेला इजा झाली आहे. बरेच महिने विश्रांती, आणि पुढे कित्येक वर्षे दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन. जाता जाता सर्व आयांना सांगते, लहान मुलाचा घसा वरचेवर धरत असेल, बरोबर ताप असेल, तर घरच्या काढ्यावर भागवू नका. डॉक्टरला दाखवा, आणि औषध दिले तर ते सांगितले तितके दिवस पुरे करा. घशाचे दुखणे वेळेवर बरे केले तर पुढचे हे दुखणे टळते.

सात-आठ महिन्यांनी ती हिंडूफिरू लागली. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर, दप्तराचे ओझे, आणि चार पायऱ्या चढल्या की धाप. शाळेत विचारायला गेले तर उत्तर मिळाले, की हजेरी भरत नाही, मुलीचे काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, तुम्ही नाव काढून घ्या. मी दाखला घेऊन घरी आले. आता पोर शिकणार कशी, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. एकदा माझ्या मनात असेही आले, की मुलीची जात, दुखणेकरी, राहू दे घरात, चार पापड लाटील. पण लगेच दुसरा विचार आला. हिच्याने अंगमेहनतीचे काम होणार नाही. उद्या मी नसले तर हिला डोक्याच्या कामावरच जगावे लागेल. मग हिचेच शिक्षण थांबवून कसे चालेल? धडधाकट पोरीपेक्षा हिला शिक्षणाची गरज अधिक. त्या रात्री ठरवले, की घरी शिकवायचे.

आता सगळ्या बाया मला पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा. दिवसभर काम करायचे तर शिकवायचे कधी? त्यावर मी तुम्हांला एक जुनी गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंचे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. त्या काळी मुलींच्या शाळाच विरळा. रमाबाईंना संस्कृत शिकवले त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंना त्यांच्या यजमानांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून घरी शिकवले होते. घरात माणसांचा राबता, दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, घरकामाला हात लावण्याआधी, लहानग्या रमेला जवळ घेऊन उठवीत आणि तिच्याकडून पाठ करून घेत. त्या पहाटेच्या शिकवणीवर तयार झालेली ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांपुढे उभी राहिली आणि त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. पहाटेची वेळ किती मोलाची असते ते यावरून कळते.

मीही पहाटेचीच वेळ धरली. पाचला मी उठायची, साडेपाचला तिला उठवायची. साडेपाच ते सात गणित आणि भाषा, म्हणजे जे समजावून द्यावे लागते ते. मग स्वयंपाक, सासऱ्यांचे आंघोळपाणी, आणि दहाला मी कारखान्यात. जाताना तिच्या वहीत त्या दिवसाची कामे लिहून द्यायची. अमुक धडा दोनदा वाच, इतकी गणिते सोडव, दहा ओळी शुद्धलेखन, दुपारी एक तास झोप. संध्याकाळी आले की चहा पिता पिता वही तपासायची. रात्री पापडाला बसले की ती मोठ्याने वाची आणि मी लाटता लाटता ऐके. दिवसाकाठी माझे दोन-अडीच तास जात. शाळेत साठ पोरांत एका पोराच्या वाट्याला गुरुजींचा किती वेळ येतो ते बघा, म्हणजे हे अडीच तास थोडे नाहीत हे पटेल. वेळ थोडी असली तरी चालते, पण ती रोजची आणि ठरलेली हवी. पाहुणा आला, लग्न निघाले, सणवार आला, तरी निदान अर्धा तास वही उघडायचीच, असा आमच्या घरचा नियम होता.

दुसरा प्रश्न विचारतात तो आईच्या शिक्षणाचा. तुम्ही सातवी, मग आठवी-नववीचे कसे शिकवले? भगिनींनो, याचे उत्तर असे, की पाचवी ते सातवी मी शिकवले आणि त्यापुढे आम्ही दोघी मिळून शिकलो. बालभारतीची पुस्तके बाजारात मिळतात, मोबाइलवरही उतरवून घेता येतात. धडा तिने आधी वाचायचा आणि मला समजावून सांगायचा. मला समजले तर तिला समजले, असे मी धरत असे. मला समजले नाही तर दोघींनी मिळून त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि ती ओळ जाणत्या माणसाकडे न्यायची. सातवी शिकलेली बाई चांगली विद्यार्थीण होऊ शकते. आणि विद्यार्थीण घरात असली की पोराला मास्तर होण्याची हौस येते.

आणि घर म्हणजे तरी काय, साऱ्या विषयांचे कोठारच. गणित म्हणाल तर आमच्याकडे पापडाचे. एक किलो पिठात आमचे साधारण ८० पापड होतात. एका पाकिटात २० घातले तर पाकिटे किती? पोहे, मिरची, हिंग, पापडखार, पिशवी, सगळा खर्च वजा जाऊन शेकडा किती सुटले? पाच किलोची मागणी आहे आणि दोन दिवस पावसाची झड लागली, तर रोज किती लाटावे? अपूर्णांक, सरासरी, शेकडेवारी, नफा-तोटा, सारे त्या पोळपाटावर झाले. हिशेबाची वही तिने लिहायला घेतली, ती आजतागायत तीच लिहिते.

शास्त्र म्हणाल तर तेही स्वयंपाकघरात. माझा धाकटा भाऊ रोह्याला, धाटावच्या कारखान्यात कामाला आहे. सुटीच्या दिवशी तो यायचा. त्याने एकदा हळदीचे पाणी कालवून त्यात पापडखार टाकला, तर पिवळे पाणी लाल झाले. मग त्यातच आमसुलाचे पाणी घातले, तर पुन्हा पिवळे. पापडखार, साबण हे अल्कली, आणि आमसूल, चिंच, लिंबू हे आम्ल. हळदीच्या पातळावर साबण लावला की लाल डाग का पडतो, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले. पोर तर तो धडा विसरणेच शक्य नाही.

भूगोल आम्ही आगगाडीत शिकलो. पेणहून रोह्याला माहेरी जायचे तर कासू, नागोठणे, निडी आणि रोहा अशी स्टेशने. तब्येत ठीक असली की महिन्या-दोन महिन्यांतून मी तिला आजीकडे न्यायची. जाताना नकाशा मांडीवर. ही नागोठण्याची अंबा नदी, ती धरमतरच्या खाडीला मिळते. ही रोह्याची कुंडलिका, ती रेवदंड्याच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे आटतात, मग कुंडलिकेला बारा महिने पाणी कसे, असे तिने विचारले. मामाने सांगितले, की घाटावर मुळशीला धरण आहे, ते पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, त्यावर वीज तयार होते आणि मग तेच पाणी कुंडलिकेत येते. भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून चालू आहे. पुढे पेणच्या बाजूची खारजमीन, मिठागरे, समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, हे तर आपल्या डोळ्यांपुढचेच. इतिहासात चिरनेरचा १९३० चा जंगल सत्याग्रह आणि चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ पर्यंतचा संप आम्ही शेजारच्या वृद्ध आजोबांच्या तोंडून ऐकला. पुस्तकात या गोष्टींना चार ओळी असतात, आजोबांनी त्यांना चार दुपारी दिल्या.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. लोक म्हणतात, "एकट्या बाईने मुलीला शिकवले, धन्य आहे." मला हे ऐकून संकोच होतो, कारण ते खरे नाही. मी एकटी होते, पण शिकवले एकटीने नाही. गणित आणि बीजगणित आमच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींनी आठवड्यातून दोन दिवस शिकवले. पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणून दर महिन्याला पापडाचे एक पाकीट पोचते करायची. इंग्रजी शेजारच्या घरच्या कॉलेजात जाणाऱ्या सुनेने घेतले. दुपारी मी कामावर असताना मुलीवर आणि सासऱ्यांवर लक्ष ठेवले ते समोरच्या काकूंनी. त्या स्वतः अंगठेबहाद्दर, पण दर तासाला दारातून विचारीत, "काय गं, वही उघडी आहे ना?" शास्त्र मामाचे, गोष्टी रोह्याच्या आजीच्या. मोजले तर सात माणसे होतात.

आणि हे आजचेच नाही. पंडिता रमाबाईंचे मी मघाशी सांगितले. त्यांचे यजमान १८८२ साली वारले तेव्हा मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढच्या वर्षी रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्यांना स्वतः शिकायचे होते, शिकवायचे होते, पुढे अमेरिकेत हिंडून संस्थेसाठी मदत मिळवायची होती. त्या काळात लहानग्या मनोरमेला वाँटेज येथील मिशनच्या भगिनींनी सांभाळले. म्हणजे एवढ्या मोठ्या बाईलाही दुसऱ्या चार बायकांचा हात लागलाच. १८८९ साली त्यांनी मुंबईला शारदा सदन काढले, आणि मनोरमाबाई पदवीधर होऊन पुढे आईच्याच कामात उभ्या राहिल्या. एकट्या आईचे मूल शिकते ते असे, पुष्कळांच्या हातांवरून पुढे जात.

आपल्या या दोन तालुक्यांतही घरच्या शिक्षणाची परंपरा आहे. रोह्याला १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांच्यासाठी त्यांच्या आजोबांनी स्वतंत्र अभ्यासक्रम आखून दिला होता आणि जुन्या पाठशाळेच्या पद्धतीने त्यांना घडवले. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा, जन्म १८९५ चा. ते शाळा-कॉलेजात गेले, पण स्वतःची खरी गुरू ते आईलाच मानीत. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिला सोप्या मराठीत हवी होती. ती तिची इच्छा त्यांनी तिच्या मागे 'गीताई' रचून पुरी केली. याच विनोबांनी आपले परीक्षांचे दाखले आईच्या चुलीत घातले, हेही प्रसिद्ध आहे. पण भगिनींनो, ते विनोबा होते. आपण आपल्या पोरांचे दाखले चुलीपासून चार हात लांबच ठेवावेत!

ही थट्टा झाली, पण मुद्दा गंभीर आहे. घरी कितीही चांगले शिकवले, तरी हातात कागद नसला तर जग दार उघडत नाही. मुंबईच्या मालविका जोशीचे नाव २०१६ साली वर्तमानपत्रांत गाजले. तिला आईने सातवीत शाळेतून काढून घरी शिकवले. तिने संगणकाच्या जागतिक ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवली आणि अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने तिला प्रवेश दिला. पण आपल्याकडच्या आयआयटीचे दार तिला बंद होते, कारण बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. एवढ्या हुशार मुलीची ही गोष्ट, मग आपल्या साध्या पोरांनी प्रमाणपत्रावाचून राहून कसे चालेल?

म्हणून परीक्षेचे सांगते, हे नीट ऐका. राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सरकारची संस्था १९८९ सालापासून आहे. एनआयओएस म्हणतात तीच. तिथे शाळेत न जाता दहावी आणि बारावी देता येते. दहावीला वयाची १४ वर्षे पुरी लागतात. मराठी माध्यम आहे. पाच विषय घ्यायचे, त्यांत निदान एक भाषा. गृहविज्ञान, चित्रकला असे विषयही आहेत. घरी लिहून द्यायच्या गृहपाठाला काही गुण असतात. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे सगळे विषय एकदम सुटलेच पाहिजेत असे नाही. एकदा नाव घातले की पाच वर्षांत नऊ वेळा बसण्याची संधी मिळते, आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दुखणेकरी पोराला ही देवासारखी सोय आहे. आमच्या मुलीने २०२२ च्या उन्हाळ्यात चार विषय सोडवले आणि दिवाळीच्या सुमारास गणित. तिचे दहावीचे प्रमाणपत्र अकरावीच्या प्रवेशाला चालले. आता ती कॉलेजात वाणिज्य शाखेला आहे. झडपेचे दुखणे आहेच, इंजेक्शन चालू आहे, पण ती आपल्या पायांनी जाते-येते.

आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथे पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही देता येतात. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना राज्य मंडळाच्या नेहमीच्या दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीने बसता येते. अर्जाच्या तारखा आणि अटी दर वर्षी जाहीर होतात, त्यावर डोळा ठेवावा. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, हे तीन कागद एका पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावेत. पुरात, गळक्या छपरात आपल्याकडे किती कागद भिजून गेले आहेत ते तुम्ही जाणताच.

आणखी एक. नाव काढून घ्या, असे कोणी सांगितले तर लगेच मान डोलावू नका. २००९ च्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. मध्ये खंड पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून राहिलेला अभ्यास भरून काढण्याचीही त्यात तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला आहे. हे आईने तोंडाने म्हणता आले पाहिजे. सरकारी कचेरीत पदर सावरून उभे राहावे, पण बोलावे मात्र स्पष्ट.

आता घरच्या शाळेतले उणे सांगते, कारण नुसते गोड सांगणे बरे नव्हे. सर्वांत कठीण वाटले ते पोराचे एकटेपण. खालच्या रस्त्याने गणवेशातली पोरे गेली की ही खिडकीतून बघत बसायची. पुस्तकाने ते भरून निघत नाही. काही बाया बोलल्याही, की पोरीला घरात डांबून ठेवली, पापडाला हात हवा म्हणून शिकवणीचे सोंग आहे. मला ते लागले. पण मी एक पथ्य पाळले. अभ्यासाच्या वेळी तिच्या हाताला पापड लागू दिला नाही. मागणी कितीही असो, आधी वही, मग लाटणे. घरी शिकणारी मुलगी घरातली बिनपगारी मोलकरीण होणे फार सोपे असते. त्याला आईनेच कुंपण घालायचे असते. संध्याकाळी तासभर आळीतल्या पोरांना आमच्या ओटीवर बोलवायची, सापशिडी, पत्ते, गाण्याच्या भेंड्या. धावणे नाही, पण हसणे तरी झाले. शनिवारी ती मंडळाच्या भजनाला येऊन टाळ वाजवी, हे तुमच्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये सगळ्यांच्याच शाळा बंद झाल्या. जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ आले, छपरे उडाली, कित्येक दिवस वीज नाही, मोबाइल बंद. ज्यांची पोरे मोबाइलवर शिकत होती त्यांचे तेही थांबले. तेव्हा आमच्या मुलीची पाटी-वही चालू होती, आणि पहिल्यांदा आळीतल्या तीन आया आपापली पोरे घेऊन माझ्या ओटीवर आल्या. चौदा वर्षांची माझी मुलगी त्या पोरांना गुणाकार शिकवीत होती. ज्या पोरीला शाळेने जबाबदारी नको म्हणून परत पाठवले, तिच्या ओटीवर शाळा भरली. तेव्हा माझ्या मनातला सल पुष्कळ उतरला.

आता मंडळापुढे माझे मागणे मांडते, कारण नुसते अनुभव सांगून बसावे यासाठी मी उभी राहिले नाही. आपल्या मंडळाची खोली दुपारी दोन ते चार रिकामी असते. भजन शनिवारी, भिशी महिन्यातून एकदा, शिवणवर्ग सकाळी. त्या दोन तासांत ती खोली अशा मुलांसाठी उघडावी. दुखण्याने घरी असलेली, आई-बाप कामावर असलेली, मध्येच शाळा सुटलेली मुले तिथे येतील. मास्तर नेमायची जरुरी नाही. आपल्यातल्या दोघी-दोघींनी आळीपाळीने बसावे, शिकलेल्या असोत वा नसोत. समोरच्या काकूंसारखे "वही उघडी आहे ना?" एवढे विचारायला अक्षरओळख लागत नाही. आपल्या घरची जुनी पाठ्यपुस्तके रद्दीत न घालता इथल्या कपाटात ठेवावीत. आणि परीक्षेच्या फॉर्मची माहिती एका कागदावर लिहून दारावर चिकटवावी, म्हणजे कोणा बाईला चार ठिकाणी हेलपाटे नकोत. रोह्याच्या भगिनींनाही विनंती, की तुमच्या मंडळाने असेच करावे, म्हणजे आगगाडीने जाणारी-येणारी पुस्तके दोन्हीकडे वापरता येतील.

पहिली दोन वर्षे मंगळवारी दुपारी मी बसेन. माझी मुलगी कॉलेजातून आली की गणिताला बसेल, असे तिने मला सांगून ठेवले आहे. कपाटाची पहिली पुस्तके तिचीच, पाचवी ते दहावी, पेन्सिलीच्या रेघांसकट. ज्या ओळी आम्हांला अडल्या होत्या त्या तिथे दिसतील, आणि पुढच्या आईला कळेल, की अडते ते सगळ्यांचेच अडते, विचारले की सुटते.

 माझ्या मागण्याचा विचार येत्या सभेत व्हावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करते आणि माझे भाषण संपवते.